पाऊल पाहून जोडा घ्यावा

आपल्या शरीराच्या सर्व अवयवांमध्यें पायांइतका उपेक्षित अवयव दुसरा क्वचितच असेल. डोळ्यांत कण गेला तर आपण तत्काळ पाणी मारतों. दांत ठणकूं लागला तर वैद्याकडे जाण्यासाठीं रात्र केव्हां संपते याची वाट पाहतों. परंतु टांच दुखूं लागली म्हणजे ‘चालून चालून दुखत असेल, जाईल आपोआप’ असें म्हणून स्वस्थ बसतों. ज्यांच्या आधारावर सारा देह दिवसभर उभा राहतो, त्यांची विचारपूस करण्यास मात्र आपणांस सवड होत नाहीं.

आमच्या लहानपणीं आमच्या मातोश्री पहांटे अंथरुणांतून उठल्या म्हणजे पहिलीं चार पावलें भिंतीला हात लावून टाकीत असत. आम्हांस ती त्यांची एक संवय वाटे. चहाचें आधण चढेपर्यंत त्या नीट चालूं लागत, आणि आम्ही ती गोष्ट विसरून जात असूं. पुढें आम्ही शिक्षकाचा पेशा पत्करला, दररोज पांच-पांच तास फरशीवर उभे राहून शिकवूं लागलों, आणि एके दिवशीं सकाळीं अंथरुणांतून उतरतांना टांचेखालीं खिळा रुतावा तशी कळ येऊन आमचाच हात भिंतीकडे गेला. मातोश्रींची ती ‘संवय’ म्हणजे काय होती, तें त्या क्षणीं आम्हांस पंचवीस वर्षांनीं कळलें. हा लेख लिहिण्याचें कारण एवढेंच कीं, आमच्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट कळण्यास इतकीं वर्षें लागूं नयेत.

प्रथम पावलाची रचना पाहूं. प्रत्येक पावलांत २६ हाडें व ३३ सांधे आहेत. म्हणजे दोन्ही पावलें मिळून ५२ हाडें झालीं. प्रौढ माणसाच्या सबंध शरीरांत हाडें २०६. त्यांतील सुमारें चौथा हिस्सा एकट्या पावलांत आहे. हीं हाडें सपाट न मांडतां कमानीसारखीं रचलेलीं आहेत. ओल्या पायानें फरशीवर उभें राहून पाहावें. टांच व चवडा यांचा ठसा पुरा उमटतो, पण मधल्या भागाची आंतील बाजू बहुधा कोरडी राहते. ती कोरडी जागा म्हणजे पावलाची कमान. ही कमान धनुष्य मानली, तर टांचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळांपर्यंत पसरलेली जी एक चिवट, तंतुमय पट्टी तळपायांत असते, ती त्या धनुष्याची दोरी होय. शरीराचा भार वरून पडला म्हणजे धनुष्य दबतें व दोरी ताणली जाते. भार उतरला कीं दोन्हीं पूर्ववत् होतात.

या दोरीचें आणखी एक काम आहे. चालतांना टांच उचलून आपण चवड्यावर येतों तेव्हां बोटें वर वळतात, आणि विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा त्याप्रमाणें ही पट्टी बोटांच्या सांध्यांभोंवतीं ओढली जाते. त्यामुळें कमान उंचावते, आणि पाऊल घट्ट होऊन पुढें रेटा देण्यास समर्थ होतें. हिक्स नांवाच्या शास्त्रज्ञानें १९५४ सालीं ही रचना स्पष्ट करून दाखविली. दिवसांतून हजारों वेळां ही दोरी ताणली जाते व सैल होते. हा ताण तिच्या सहनशक्तीपलीकडे गेला, म्हणजे जेथें ती टांचेच्या हाडास चिकटते तेथील तंतू झिजूं लागतात. यासच डॉक्टर लोक ‘प्लँटर फॅसायटिस’ असें म्हणतात. या नांवाचा अर्थ पट्टीचा दाह; परंतु शस्त्रक्रियेच्या वेळीं काढलेल्या तंतूंची जी तपासणी २००३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत दाहाऐवजीं झीजच दिसून आली. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दाह औषधानें निवूं शकतो. पण झिजलेली दोरी भरून येण्यास विसांवा व काळ हीं दोन्हीं लागतात.

या दुखण्याची खूण सोपी आहे. सकाळचें पहिलें पाऊल सर्वांत जास्त दुखतें. रात्रीं आपण निजतों तेव्हां पावलें खालच्या बाजूस झुकलेलीं असतात, दोरी आखडते. सकाळीं एकदम सारा भार पडतांच ती ओढली जाते व कळ उठते. दहा-वीस पावलें चालल्यावर दुखणें निवळतें, आणि म्हणूनच माणूस त्याची हयगय करतो. पण बराच वेळ बसून उठलें कीं तें पुन्हां डोकें वर काढतें, आणि संध्याकाळपर्यंत उभें राहावें लागलें तर पाय टेकवत नाहीं. चाळीस ते साठ या वयाच्या माणसांत हें विशेष आढळतें. ज्यांस उभ्यानें काम करावें लागतें ते शिक्षक, परिचारिका, रहदारीचे शिपाई व दुकानांतील नोकर. ज्यांचें वजन वाढलें आहे ते. ज्यांच्या पोटऱ्या ताठर आहेत ते. आणि ज्यांनीं एकाएकीं धांवण्याचा व्यायाम वाढविला आहे ते, अशांस हें दुखणें गांठतें. सपाट पाऊल व अति उंच कमानीचें पाऊल या दोहोंसही धोका असतो. पुष्कळ लोक ‘टांचेचें हाड वाढलें’ म्हणून घाबरून जातात. क्ष-किरणांच्या चित्रांत असें टोंक दिसतें खरें. पण ज्यांची टांच कधींच दुखली नाहीं अशा अनेकांच्या हाडांवरही तें आढळतें. तेव्हां त्या टोंकासच अपराधी ठरविण्याचें कारण नाहीं.

आमच्या घरांतील माताभगिनींच्या वांट्यास हें दुखणें कसें येतें, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. पूर्वीं स्वयंपाक चुलीपुढें पाटावर बसून होत असे. ओटा आल्यापासून तोच स्वयंपाक उभ्यानें होऊं लागला. पूर्वीं पायांखालीं सारवलेली मातीची जमीन असे. तिच्या जागीं प्रथम शहाबादी फरशी आली व नंतर चकचकीत लाद्या आल्या. शिवाय घरांत पादत्राण घालूं नये ही आपली जुनी रीत. ती स्वच्छतेसाठीं आहे व चांगली आहे; पण तिचा परिणाम असा होतो कीं, उत्तमांतला उत्तम जोडा दाराशीं पडून राहतो आणि टांच दगडावर आपटत राहते. आम्हीं मातोश्रींस घरवापराच्या चपला आणून दिल्या तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, चपला घालून का कोणी स्वयंपाकघरांत जातें?” त्या चपला आठ दिवस कपाटांत तशाच राहिल्या. नवव्या दिवशीं आम्हीं त्या त्यांच्यासमोर साबणानें धुतल्या आणि ‘या उंबऱ्याबाहेर कधींच जाणार नाहींत’ असें वचन दिलें, तेव्हां कोठें त्यांनीं पाय घातला. ज्या घरीं कोणाची टांच दुखत असेल त्या घरीं अशी एक निराळी, धुतां येण्यासारखी जोडी असावी, आणि ती अंथरुणाच्या शेजारींच ठेवावी. कारण सर्वांत अवघड पाऊल पहिलेंच असतें.

आतां जोडा कसा निवडावा हें पाहूं. आरंभींच सांगून ठेवतों कीं, जोडा हें औषध नव्हे. तो दुखावलेल्या दोरीवरचा ताण कमी करतो, एवढेंच त्याचें काम. पण दिवसांतून हजारों वेळां कमी झालेला ताण ही लहान गोष्ट नव्हे.

आमचीही प्रथम फसगत झाली. दुकानदारानें बोटानें दाबून दाखविलेला सर्वांत मऊ व सर्वांत महाग जोडा आम्हीं घेतला. पाऊल त्यांत कापसाच्या गादींत रुतावें तसें रुते, आणि दोन आठवड्यांत दुखणें वाढलें. नुसता मऊपणा म्हणजे आधार नव्हे, हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलों. तेव्हांपासून आम्ही दुकानांत चार परीक्षा घेतों. त्या वाचकांसाठीं येथें देतों.

पहिली परीक्षा टांचेची. जोड्याची मागील बाजू आंगठा व बोट यांच्या चिमटींत दाबावी. ती सहज चेपली तर टांचेस ती काय सांवरणार? ती ताठ असावी. दुसरी परीक्षा वांकण्याची. जोड्याचें टोंक व टांच धरून तो दुमडून पाहावा. जेथें आपलीं बोटें वळतात तेथेंच, म्हणजे चवड्याशीं, तो वांकला पाहिजे. मध्यभागीं पोळीसारखा दुमडला, तर कमानीखालीं त्यांत कांहीं बळ नाहीं असें समजावें. तिसरी परीक्षा पिळण्याची. ओलें कापड पिळावें तसा जोडा दोन्ही हातांनीं पिळावा. तो थोडा विरोध करील तर चांगला. चौथी परीक्षा उंचीची. टांच चवड्यापेक्षां एक ते दोन सेंटिमीटर उंच असावी. त्यामुळें टांचेच्या मागील जाड शिरेची ओढ कमी होते, आणि तिच्या पाठोपाठ तळपायाच्या दोरीवरची ओढही हलकी होते. यावरून कोणी उंच टांचांचे जोडे घेऊं नयेत. टांच फार उंच झाली कीं भार चवड्यावर जातो आणि एक दुखणें जाऊन दुसरें येतें.

या चारहि परीक्षांत जोडा उतरला म्हणजे तो पायांत घालून उभें राहावें. आंतील बाजूचा उंचवटा कमानीस हलकेच टेकला पाहिजे. तो टोंचत असेल तर तो आपल्या पावलासाठीं नव्हे. वरून बंद किंवा पट्टा असावा, म्हणजे पाऊल पुढें-मागें घसरत नाहीं व बोटांस जोडा धरून ठेवण्याची खटपट करावी लागत नाहीं. रबरी हवाई चपलेचा मुख्य दोष हाच आहे. तिचा तळ पातळ, टांचेस पाठीमागून आधार नाहीं, आणि ती निसटूं नये म्हणून बोटें सतत आंवळून चालावें लागतें. आमच्या कोल्हापुरी चपलेचा आम्हांस अभिमान आहे. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेल्या कातड्याची ती हस्तकला २०१९ सालीं भौगोलिक मानांकनास पात्र ठरली, तेंही योग्यच झालें. निरोगी पायांनीं ती खुशाल घालावी. परंतु तिचा तळ कठीण व सपाट असल्यामुळें टांच दुखत असतांना ती कांहीं महिने खुंटीवर ठेवणें बरें.

मापाविषयीं लोकांत मोठा गैरसमज आहे. ‘आमचा नंबर सात’ असें एकदां ठरलें कीं माणूस जन्मभर सातच मागतो. इंग्रजी पद्धतींत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारें साडेआठ मिलिमीटर; युरोपांतील दुसऱ्या पद्धतींत तोच फरक सुमारें पावणेसात मिलिमीटर. शिवाय नंबर सांगतो तो लांबीचा. रुंदी त्यांत येत नाहीं. हीं मापें परदेशांतील पावलांवरून बसविलेलीं आहेत. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें २०२१-२२ मध्यें देशभरांतील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांचें मोजमाप केलें, तेव्हां भारतीय पावलें सामान्यतः अधिक रुंद असल्याचें आढळून आलें. म्हणूनच पुष्कळ लोक रुंदीसाठीं नंबर वाढवितात, आणि मग लांबी जास्त होऊन टांच आंत डुलत राहते.

यावर उपाय आमचे विद्यार्थी घरींच करूं शकतील. कोऱ्या कागदावर उभें राहून पेन्सिल सरळ धरून पावलाची रेघ काढावी व ती आकृति कापून दुकानांत न्यावी. जोड्याचा तळ त्या आकृतीपेक्षां अरुंद दिसला तर तो पायांत घालूनही पाहूं नये. माप संध्याकाळीं घ्यावें, कारण दिवसभरांत पाय किंचित् सुजतात. तें दोन्ही पायांचें घ्यावें. दोन्ही पाय सहसा अगदीं सारखे नसतात, आणि जोडा मोठ्या पायास बेतावा. रोजचे मोजे घालून उभें राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढें आंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली म्हणजे माप जमलें. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विश्वास ठेवूं नये.

येथें एक गंमतीची परंतु बोधप्रद हकीकत सांगतों. १९२० नंतरच्या कांहीं दशकांत अमेरिका व इंग्लंड येथील जोड्यांच्या दुकानांत क्ष-किरणांचीं यंत्रें ठेवीत असत. मुलानें नवा बूट घालून पाय आंत सारावा आणि आईबापांनीं झरोक्यांतून त्याच्या बोटांचीं हाडें पाहावीं, असा तो प्रकार होता. पुढें त्या किरणांचा अपाय कळून आल्यावर हीं यंत्रें बंद झालीं. पेनसिल्व्हेनिया राज्यानें १९५७ सालीं त्यांवर बंदीच घातली. ज्या गोष्टीसाठीं एवढा खटाटोप चालला होता ती घालणाऱ्यास ‘बाळ, कोठें टोंचतें?’ असें विचारून कळण्यासारखी होती.

आतां विद्यार्थ्यांविषयीं. जून महिन्यांत शाळेचे बूट घेतांना ‘दोन वर्षें पुरले पाहिजेत’ म्हणून दोन नंबर मोठे घेण्याची पुष्कळ पालकांची रीत आहे. काटकसर हा सद्गुण आहे. पण सैल बुटांत मुलाचें पाऊल घसरतें व तो अडखळत चालतो. आंगठ्याएवढी जागा ठेवून बूट घ्यावा व दर तीन-चार महिन्यांनीं ती जागा उरली आहे कीं नाहीं हें पाहावें. थोरल्या भावाचा बूट धाकट्यास देण्यास हरकत नाहीं. मात्र त्याची टांच एका बाजूस झिजलेली नसावी. आणखी एक गोष्ट पालकांनीं लक्षांत ठेवावी. आठ ते चौदा वर्षांच्या खेळाडू मुलाची टांच मागच्या बाजूस दुखत असेल, तर तें दुखणें बहुधा मोठ्या माणसांचें नसतें. या वयांत टांचेच्या हाडाचा वाढणारा भाग अद्याप कोंवळा असतो व धांवण्या-उड्या मारण्यानें तो दुखावतो. सेव्हर नांवाच्या अमेरिकन शल्यवैद्यानें १९१२ सालीं त्याचें वर्णन केलें. खेळ कांहीं दिवस कमी करून टांचेखालीं मऊ उंचवटा दिला म्हणजे आराम पडतो, आणि हाडाची वाढ पुरी झाली कीं हें दुखणें राहत नाहीं. तेव्हां मूल कवाईत चुकविण्यासाठीं ढोंग करतें असें मानण्यापूर्वीं त्याची टांच दोन्ही बाजूंनीं हळूच दाबून पाहावी.

खर्चाविषयींही दोन शब्द लिहिणें जरूर आहे. पायाचा सांचा घेऊन बनविलेल्या महागड्या गाद्या हल्लीं सुचविल्या जातात. ज्या पाहण्या झाल्या आहेत त्यांत तयार मिळणाऱ्या स्वस्त गाद्यांपेक्षां त्या विशेष गुणकारी ठरल्या नाहींत. म्हणून आरंभ स्वस्तापासून करावा. जुना जोडा मात्र वेळींच सोडावा. धांवण्याच्या जोड्याचा मऊपणा सुमारें पांचशें ते आठशें किलोमीटरांनंतर ओसरतो; वरचें कातडें नवें दिसत असलें तरी आंतील बळ गेलेलें असतें.

जोड्याच्या जोडीस व्यायाम हवाच. सकाळीं पाय जमिनीवर ठेवण्यापूर्वीं दुखरें पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावें, हातानें बोटें नडगीकडे ओढावीं, तळपायाची दोरी ताठ झालेली हातास लागली म्हणजे दहा अंक मोजावे व सोडावें. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां करावें. भिंतीस हात टेकून, दुखरा पाय मागें ठेवून, टांच न उचलतां पोटरी ताणावी. संध्याकाळीं बर्फ झालेल्या पाण्याची बाटली तळपायाखालीं कांहीं वेळ फिरवावी. दुखणें हत्तीच्या पायानें येतें आणि मुंगीच्या पायानें जातें, ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. कित्येक महिने धीर धरावा लागतो. पण दहांतील आठ-नऊ जणांस वर्षभराच्या आंत शस्त्रक्रियेवांचून बरें वाटतें.

मात्र पायास सूज, लाली किंवा ताप असेल, रात्रीं निजल्यावरही ठणका लागत असेल, मुंग्या येत असतील, पडल्या-आपटल्यानंतर भार देववत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां डॉक्टरांस दाखवावें. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं तर पायाच्या लहानशा तक्रारीसाठींही जावें. त्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असूं शकते व जोडा टोंचतो तें त्यांस कळतही नाहीं.

अंथरूण पाहून पाय पसरावे असें आमचे वाडवडील सांगत आले. पाऊल पाहून जोडा घ्यावा एवढी भर त्यांत आम्ही घालतों. प्रभु येशूनें अखेरच्या भोजनाच्या रात्रीं कमरेस रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं अनेकदां ऐकली आहे. दुसऱ्याच्या थकल्या पायांकडे लक्ष देणें हें कोणासही कमीपणा आणणारें काम नव्हे, असा तिचा एक अर्थ आम्ही घेतों. विद्यार्थिमित्रहो, उद्यां सकाळीं थोडे लौकर उठा, आणि तुमची आई किंवा आजी अंथरुणांतून उतरतांना तिचा हात भिंतीकडे जातो काय, तेवढें पाहा. गेला, तर कागद व पेन्सिल घेऊन तिच्या पावलाची रेघ काढण्यास त्याच दिवशीं बसा.